परदेशातील एका सत्रात विश्वासाचे काय होते? लाइपझिगला निघालेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न

प्रश्न : विद्यार्थिनी, वानवडी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी पुण्यात विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून येत्या एप्रिलमध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे उन्हाळी सत्रासाठी जाणार आहे. व्हिसा, विमा आणि वसतिगृह यांविषयी सांगणारी माणसे पुष्कळ भेटली. माझा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता, म्हणून तो येथे मांडत आहे.

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहे. रात्री जेवणापूर्वी कौटुंबिक प्रार्थना होते, आजी शास्त्रपाठ वाचते, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, रविवारी कॅम्पातील मराठी उपासना आणि तिच्यानंतर क्वायरचा सराव असतो. माझा विश्वास या सगळ्यात वाढला आणि त्याबद्दल मी देवाचे मनापासून उपकार मानते. परंतु आजपर्यंत मी प्रार्थनेला बसले ती बहुतेक वेळा कुणीतरी हाक मारली म्हणून, आणि चर्चमध्ये गेले ती घरातले सगळे निघाले म्हणून. ही हाक मारणारे कुणी नसेल तेव्हा माझ्यापाशी स्वतःचे असे काय असेल, हा विचार मला गेले काही आठवडे सोडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निरोपाच्या प्रार्थनेत आमच्या मंडळीतील एका वडिलांनी मला सांगितले की, युरोपातील चर्चे ओस पडली आहेत, तेव्हा तू तेथे साक्षीदार म्हणून जा. त्यांच्या शब्दांमागचे प्रेम मला समजते. तरीही, थोड्या महिन्यांसाठी पाहुणी म्हणून जाणाऱ्या, जेमतेम जर्मन बोलणाऱ्या मुलीने त्या लोकांना काही शिकवायला जावे, हे मनाला पटत नाही.

आपल्यापैकी जे कुणी शिक्षणाच्या निमित्ताने अशा थोड्या मुदतीसाठी बाहेर राहून आले, त्यांनी कृपया सांगावे : तुमची प्रार्थना बदलली का? परक्या भाषेतील उपासनेत तुम्हाला काही मिळाले का? आणि विश्वासाविषयी कुणी विचारले तेव्हा तुम्ही काय सांगितलेत?

उत्तर १ : माजी विद्यार्थी, खडकी

ताई, सलाम. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असताना लाइपझिगलाच एक सत्र राहून आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या मंडळीतील वडिलांनी सांगितले ते आकड्यांपुरते खरे आहे. पूर्व जर्मनी चार दशके साम्यवादी राजवटीखाली होता आणि आज त्या भागातील बहुसंख्य लोक कोणत्याही चर्चचे सभासद नाहीत. पश्चिमेकडील भागातही गळती मोठी आहे. एकट्या २०२२ सालात जर्मनीतील कॅथलिक चर्चमधून पाच लाखांहून अधिक लोकांनी सभासदत्व सोडले. शेकडो माणसे मावतील अशा देवळात रविवारी सकाळी पुढच्या चार बाकांवर बसलेली मंडळी पाहून पुण्याहून गेलेल्या मुलाच्या पोटात खड्डा पडणे स्वाभाविक आहे, विशेषतः ज्याने ईस्टरला आपल्याकडे मांडवात खुर्च्या लावलेल्या पाहिल्या आहेत त्याच्या. पण त्या चार बाकांवर कोण बसले आहे, हे विचारल्याशिवाय ते चर्च ओस आहे असे म्हणता येत नाही.

मी ज्या मंडळीत जात असे तेथे उपासनेनंतर कॉफी असते. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका वृद्ध बाईंनी माझ्या हातात कप पुसायचे फडके दिले आणि तेव्हापासून ते काम माझेच झाले. कप पुसता पुसता, माझे तोडके जर्मन आणि त्यांचे तोडके इंग्रजी यांच्या आधाराने त्यांनी आपली हकिकत सांगितली. त्यांच्या तरुणपणी शासनाने चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक निधर्मी दीक्षाविधी सुरू केला होता. तो नाकारून चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, घेणाऱ्या मुलांना पुढील शिक्षणात अडथळे येत असत. बाईंनी दृढीकरण घेतले. त्यांना पुढच्या शाळेत प्रवेश मिळाला नाही आणि त्यांचे सारे आयुष्य एका कारखान्यात गेले. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि अभिमानही नव्हता. कपाच्या कानातले पाणी नीट निघाले नाही, एवढेच त्यांनी मध्येच मला सांगितले. ज्यांनी विश्वासासाठी शिक्षण गमावले त्यांच्यासमोर, विद्यापीठाच्या खर्चाने शिकायला आलेल्या मी साक्षीदार म्हणून उभे राहावे, असा प्रश्नच उरला नाही. शिकणारा म्हणून मात्र उभे राहता आले. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, जाल त्या मंडळीत पहिल्या महिन्यातच एखादे लहानसे काम मागून घ्या. खुर्च्या लावणे, गीतपुस्तके वाटणे, भांडी पुसणे, काहीही चालेल. ज्याला काम आहे तो परका राहत नाही, आणि भाषा येत नसली तरी हातांना काम करता येते.

तुमचे विद्यापीठ १४०९ साली स्थापन झालेले आहे. त्याच्या मुख्य आवारात, आउगुस्टुसप्लाट्स या चौकात, शतकानुशतके एक चर्च उभे होते. १५४५ साली मार्टिन लूथर यांनी तेथे प्रवचन करून ते इव्हँजेलिकल, म्हणजे प्रॉटेस्टंट, उपासनेसाठी समर्पित केले होते. दुसऱ्या महायुद्धातून ते मोठ्या हानीशिवाय वाचले, पण ३० मे १९६८ रोजी शासनाने ते सुरुंग लावून पाडले. वेदी आणि काही स्मृतिशिला घाईघाईने बाहेर काढता आल्या. आज त्याच जागी पाउलिनुम ही नवी इमारत आहे. २०१७ साली ती खुली झाली, तिच्या दर्शनी भागात जुन्या चर्चची आठवण ठेवणारी उंच खिडकी आहे आणि आत ती वाचवलेली वेदी पुन्हा बसवली आहे. इमारतीचा एक भाग विद्यापीठाचे सभागृह आणि दुसरा उपासनेची जागा असून दोहोंमध्ये पारदर्शक दारांची भिंत आहे. या भिंतीवरून तेथे वर्षानुवर्षे वाद झाला. मला विचाराल तर ती भिंत पाहिल्याशिवाय तुम्ही परत येऊ नका, कारण विद्येचे स्थान आणि प्रार्थनेचे स्थान यांनी एकमेकांकडे कसे पाहावे, हा आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचाही प्रश्न आहे आणि तेथे तो काचेत उभा केलेला दिसतो.

निकोलाय चर्चमध्ये सोमवारी सायंकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होते, तिला अवश्य जा. ती १९८२ पासून चालू आहे. सुरुवातीला अगदी मूठभर माणसे येत. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन शहराच्या वळणरस्त्यावर चालले, सशस्त्र पोलिस सज्ज होते आणि तरीही एक गोळी झाडली गेली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. मला या घटनेत सर्वांत मोलाची वाटते ती त्याआधीची सात वर्षे, ज्या वर्षांत दर सोमवारी दार उघडून, आत कोण येते आणि कोण हेरगिरीसाठी बसते हे न विचारता, प्रार्थना होत राहिली. आपल्याकडे प्रार्थनासभेला पाच माणसे आली की आपण पुढच्या वेळी ती ठेवावी की नाही यावर चर्चा करतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझी प्रार्थना बदलली, आणि ती आधी आटली. पहिले काही आठवडे खोलीत एकटा बसलो की शब्द येत तेही आमच्या पाळकसाहेबांच्या घाटाचे, वडिलांच्या लयीतले, आणि अर्ध्यावर थांबत. त्या काळात मला स्तोत्रसंहितेने सांभाळले. रोज सकाळी एक स्तोत्र मोठ्याने, मराठीतून वाचायचे, मग ते मनाला लागो वा न लागो, एवढाच नेम ठेवला. बाबेलच्या नद्यांकाठी बसून परक्या देशात परमेश्वराचे गीत कसे गावे असे विचारणारे १३७ वे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकले होते. परंतु सार्वजनिक धुलाईघरात यंत्र थांबण्याची वाट पाहत असताना ते आठवले तेव्हा, हा प्रश्न विचारणे हीच एक प्रार्थना म्हणून शास्त्रात जपून ठेवलेली आहे, हे मला प्रथमच जाणवले. त्यामुळे ताई, कोरडे दिवस आले तर घाबरू नका. स्वतःचे शब्द येत नाहीत तोवर दुसऱ्याच्या शब्दांनी प्रार्थना करण्यात काहीच कमीपणा नाही. मंडळी असते ती त्यासाठीच.

परक्या भाषेतील उपासनेविषयी एकच सांगतो. तेथील अनेक चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मनोऱ्यातील एक घंटा वाजू लागते, म्हणजे घरी आजारी असलेल्या माणसालाही कळावे की आता मंडळी ही प्रार्थना म्हणत आहे. प्रवचनातले काही कळो वा न कळो, ती घंटा वाजली की मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" असे मराठीतून म्हणत असे. शेजारचा जर्मनमधून म्हणे, मागची इराणी मुलगी फारसीतून, आणि शेवटचे आमेन साधारण एकाच वेळी होई.

उत्तर २ : निवृत्त शिक्षिका, गुरुवार पेठ

मुली, तुझे पत्र वाचून मला आनंद झाला, कारण जाण्यापूर्वी हा प्रश्न पडणे हेच चांगल्या तयारीचे लक्षण आहे. वरील बंधूंनी जे लिहिले त्यात माझ्याकडून थोडी भर, आणि तीही आपल्या पुण्यातूनच.

आमच्या पंचहौदाच्या परिसरात १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधील वाँटेज येथील धर्मभगिनींच्या संघाच्या इंग्रज भगिनी काम करीत होत्या. त्यांच्याच ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आतबाहेर, म्हणजे तुझ्यापेक्षा फार अधिक नव्हते. त्या तेथे आज्ञाधारक पाहुणी म्हणून राहिल्या नाहीत. ज्या भगिनींनी त्यांना आईच्या मायेने आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून सिद्धांतांवर, चर्चच्या अधिकारावर आणि स्वतःच्या शाकाहारावर कडाक्याचे वाद घातले. ती पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. यजमानांचा आदर राखावा, त्यांच्याकडून घेण्यासारखे ते घ्यावे आणि जे पटत नाही ते समोर बसून विचारावे, ही रीत परदेशी गेलेल्या मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याला रमाबाईंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे.

मात्र मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी जागा वेगळी वाटते. भगिनींनी त्यांना काही दिवसांसाठी लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे त्या भगिनी काम करीत असत. अशा स्त्रियांना आपल्याकडे कुणी माणूस म्हणूनही वागवत नाही, आणि येथे त्यांची सेवा होत आहे, हे पाहून त्यांनी कारण विचारले तेव्हा भगिनींनी त्यांना येशू आणि लोकांनी कमी लेखलेली शोमरोनी स्त्री यांची बायबलमधील भेट वाचून दाखवली. ख्रिस्ताविषयी त्यांनी वाचलेले, ऐकलेले बरेच होते. मन हलले ते हे काम पाहून, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारले. थोड्या दिवसांच्या त्या भेटीचे फळ दौंड तालुक्यात कितीतरी वर्षांनी दिसले, म्हणून आपल्या मुक्कामातून काय निष्पन्न झाले याचा हिशेब तू विमानतळावर उतरल्या उतरल्या मांडू नकोस.

तुला एक काम सांगते. लाइपझिगहून रेल्वेने तासाभराच्या आत हाल्ले हे शहर येते. तेथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके या धर्मोपदेशकांनी स्थापन केलेल्या संस्था आहेत, अनाथाश्रम म्हणून सुरू झालेल्या आणि आता संग्रहालय, ग्रंथालय व शाळा म्हणून चालणाऱ्या. भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग, हे हाल्ले येथे शिकलेले; ते डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने जुलै १७०६ मध्ये तमिळनाडूतील तरंगमबाडीला उतरले. तमिळ भाषा त्यांनी मुलांबरोबर वाळूत अक्षरे गिरवून शिकायला आरंभ केला, असे सांगतात. त्यांच्या मिशनची तमिळ ताडपत्रे आजही हाल्लेच्या संग्रहात आहेत. ती पाहा. तेथले लोक आपल्या देशातून काय शिकले, तेही तुला तेथे दिसेल.

उत्तर ३ : विद्यार्थी, येरवडा

माझा अनुभव लाइपझिगचा नाही, पण तुमच्या प्रश्नाशी जवळचा आहे. मी कॅथलिक आहे. फ्रान्समध्ये एका लहान अभ्यासक्रमासाठी गेलो असताना सुटीचा एक आठवडा मी बर्गंडीतील तेझे या गावी काढला. तेथे १९४० साली ब्रदर रॉजर यांनी सुरू केलेला मठ आहे. ते स्वतः स्वित्झर्लंडमधील रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट परंपरेतले, पण आज त्या मठात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन्ही बंधू एकत्र व्रतस्थ राहतात. उन्हाळ्यात तेथे आठवड्याला हजारो तरुण येतात आणि रविवार ते रविवार राहतात.

दिवसातून तीन वेळा घंटा होते आणि हातातले काम टाकून सगळे प्रार्थनेला जातात. प्रवचन नसते. दोन ओळींचे एक गीत पुन्हा पुन्हा गायले जाते, शास्त्राचा छोटा उतारा अनेक भाषांत वाचला जातो, आणि मग बराच वेळ पूर्ण शांतता. त्या शांततेची मला पहिल्या दिवशी भीती वाटली, हे मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडच्या मिस्सेत किंवा प्रार्थनासभेत शांतता म्हणजे पुढच्या माणसाने बोलायला घेतलेला उशीर. तिथे मात्र हजारो मुलेमुली जमिनीवर बसलेली, कुणी मान खाली घालून, कुणी डोळे उघडे ठेवून, आणि कुणालाही काही बोलायची घाई नाही. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मी तिची वाट पाहू लागलो.

शुक्रवारी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर रंगवलेला लाकडी क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात, आणि ज्याला हवे तो जवळ जाऊन त्यावर कपाळ टेकवतो. माझ्या पुढे पोलंडमधला एक उंच मुलगा होता, मागे कोरियातली मुलगी. लाकूड अनेकांच्या स्पर्शाने कोमट झाले होते. माझ्या आजीने वसईच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी क्रूसाचे चुंबन घेताना जो शब्द उच्चारला असेल, तोच माझ्या तोंडून आपोआप निघाला.

प्रत्येकाला तेथे काम वाटून दिलेले असते. माझ्या वाट्याला शौचालये साफ करणाऱ्या गटाचे काम आले. आपल्या घरी हे काम कोण करते आणि त्यांच्याशी आपण कसे बोलतो, याचा विचार मी त्या आठवड्यात जितका केला तितका आजवर कुठल्याही प्रवचनानंतर केलेला नाही. परत आल्यावर आमच्या सोसायटीत सफाईला येणाऱ्या मावशींचे नाव मला ठाऊक झाले. तुम्हाला जमले तर लाइपझिगहून तेझेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर जा. तिथल्या विद्यार्थी मंडळींतून असे गट निघतात.

उत्तर ४ : एक आई, पिंपरी

वरील सर्व वाचले. मी परदेशी गेलेली नाही. माझा मुलगा जाऊन आला. पालकांच्या बाजूने मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो पहिल्या उत्तराशी पूर्णपणे जुळणारा नाही.

एकट्याने प्रार्थना करायला शिकणे महत्त्वाचे आहेच. पण घरची प्रार्थना सुटू देणे ही त्याची अट असू नये. पुणे आणि जर्मनी यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते. आमच्या घरी रात्री साडेनऊला प्रार्थना होई तेव्हा मुलाच्या इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असत, आणि आठवड्यातून एक दिवस तो फोनवरून आमच्यात बसे. रोज मात्र आम्ही मुद्दाम बसवले नाही. रोज बोलावले असते तर त्याने तेथे मित्र जोडले नसते, आणि अजिबात बोलावले नसते तर त्याच्या आजीचा जीव लागला नसता. त्या एका दिवशी शास्त्रपाठ त्याने निवडावा आणि प्रार्थनाही त्यानेच करावी, असे ठरवले होते. तोवर आमच्या घरात मुलांनी प्रार्थना चालवण्याची पद्धत नव्हती. तो परत आल्यावरही ते काम त्याच्याकडेच राहिले.

प्रश्नकर्ती : विद्यार्थिनी, वानवडी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी फार ऋणी आहे. बाई, हाल्लेला नक्की जाईन. मावशी, आठवड्यातील एका दिवसाचे मी आजच आजीला सांगितले आणि तिला ते पसंत पडले.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली व्यवहारातली : पत्ता नोंदवण्याच्या अर्जात धर्म विचारतात आणि त्यावरून कर लागतो, असे ऐकले. दुसरी अशी की, तेथील वर्गमित्रांनी श्रद्धेविषयी विचारले तर सुरुवात कुठून करावी? भारतीय म्हणजे हिंदू असे गृहीत धरणाऱ्या माणसाला आधी आपण कोण आहोत हे समजावण्यातच वेळ जाईल, असे वाटते.

उत्तर : माजी विद्यार्थी, खडकी

आधी अर्जाविषयी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. जर्मनीत मोठ्या चर्चेसच्या सभासदांकडून शासन चर्चकर गोळा करते. तो आयकराच्या ९ टक्के असतो, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांत ८ टक्के. तो आयकरावर आकारला जात असल्यामुळे ज्या विद्यार्थ्याला आयकर भरावा लागत नाही त्याच्याकडून चर्चकरही कापला जात नाही. सत्रात नोकरी करणार असाल तर अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थी मंडळीच्या पाळकांना भेटून आपल्या चर्चचे सभासदत्व तेथे कसे नोंदवावे, हे विचारून घ्या. तेथील बहुतेक विद्यापीठांच्या शहरांत इव्हँजेलिकल आणि कॅथलिक अशा दोन्ही विद्यार्थी मंडळी असतात, त्यांचे पाळक परदेशी मुलांच्या अशा प्रश्नांना सरावलेले असतात, आणि आठवड्यातील एका सायंकाळी प्रार्थना, जेवण आणि चर्चा असा त्यांचा कार्यक्रम असतो. माझे जवळचे मित्र मला तेथेच भेटले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला प्रयोगशाळेतील एका सहाध्यायामुळे मिळाले. येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस तेथे सार्वजनिक सुटीचा असतो. त्या गुरुवारी पुरुषांचे घोळके हातगाडीवर बीअर लादून रानात सहलीला निघतात, आणि ही सुटी कशाची आहे हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. मी सकाळी चर्चला जाऊन मग त्यांच्या सहलीत सामील होतो म्हणालो, तेव्हा त्याने खऱ्या कुतूहलाने विचारले की, तू तिकडे का जातोस. तो स्वतः बाप्तिस्मा न झालेला, त्याचे आईवडीलही तसेच. त्याच्या मनात चर्चविषयी राग नव्हता. त्याच्या घरात तो विषयच कधी निघाला नव्हता. मी त्याला सिद्धांत सांगितला नाही. आमच्या खापरपणजोबांनी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात, गावाच्या विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या काळात, शुभवर्तमान कसे ऐकले, त्यांना अक्षरओळख कशी झाली, आणि त्या घरातील मुलगा आज येथे यंत्रांची गणिते कशी सोडवत आहे, एवढे चालता चालता सांगितले. त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, काहींची उत्तरे मला देता आली. तेव्हा भारतीय ख्रिस्ती म्हणजे कोण हे समजावण्यात जो वेळ जाईल तो वाया गेला असे समजू नका. आपल्या घराण्याची हकिकत आजीकडून तारखांसह, गावांच्या नावांसह नीट विचारून वहीत उतरवून घ्या. निघायला अजून अवधी आहे.

आणखी एक. हेर्नहूट या झाक्सन राज्यातल्याच लहान गावातील मोरेव्हियन ही जुनी प्रॉटेस्टंट मंडळी १७३१ सालापासून दरवर्षी रोजच्या वचनांची एक पुस्तिका छापते. जुन्या करारातील वचन चिठ्ठी टाकून काढलेले असते आणि त्याला साजेसे वचन नव्या करारातून जोडलेले असते. पहिल्याच आठवड्यात ती विकत घ्या. वचन जर्मनमध्ये वाचा, मग मराठी शास्त्रातून तेच काढून वाचा. तुमची भाषाही सुधारेल, आणि विद्यार्थी मंडळीत त्या सायंकाळी ज्या वचनावर बोलणे होईल ते बहुधा तुम्ही सकाळी वाचलेले असेल.